पद्माकररावांचे अकरा सेकंद

माझ्या नवऱ्याला सोपी गोष्ट सोपी राहिलेली सहन होत नाही. टीव्हीला पेन ड्राइव्ह खुपसून व्हिडिओ बघणारी माणसं त्याला मागासलेली वाटतात. म्हणून मार्चमध्ये त्याने एक काळा डबा आणला. घरातले सगळे फोटो, गाणी, व्हिडिओ त्यात साठवायचे, डबा राउटरला जोडायचा, आणि घरात कुठेही बसून वायफायवर हवं ते बघायचं. "संयोगिता, हे आपलं स्वतःचं ओटीटी," यशोवर्धन म्हणाला. त्या ओटीटीवर सहा महिने आमच्याच लग्नाचा व्हिडिओ होता आणि तो कुणीही बघत नव्हतं.

मग रत्नाअक्का आल्या. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी. कोलारचं घर कायमचं सोडून त्या मुलाकडे कोइंबतूरला निघाल्या होत्या. वाटेत आमच्याकडे, के. आर. पुरमला, चार दिवस. दसऱ्याला पहाटेची गाडी. त्यांचे यजमान पद्माकरराव जाऊन तीस वर्षं झाली होती. ते हलताना जगात एकाच ठिकाणी उरले होते: माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, पंगतीत सांबाराची बादली घेऊन धावताना, अकरा सेकंद. कॅसेटला बुरशी लागली म्हणून यशोवर्धनने ती डब्यात उतरवून घेतली होती.

"तेवढं एकदा दाखव रे," अक्का म्हणाल्या. "एकदा बघते आणि जाते."

"नवमीला संध्याकाळी सगळे बसून बघू," यशोवर्धनने जाहीर केलं. नवमीला आमच्याकडे आयुधपूजा असते, हे त्याला आठवलं नाही. तो याच घरात जन्मला आहे. मी पुण्याची असून मला आठवत होतं, पण मला विचारतो कोण?

सासूबाईंनी, म्हणजे राजलक्ष्मीबाईंनी, सकाळी घरातली झाडून सगळी यंत्रं जिन्याखालच्या देवघरात मांडली. मिक्सर, शिलाई मशीन, इस्त्री, विळी, सासऱ्यांची हत्यारांची पत्र्याची पेटी, स्कूटरची किल्ली. सहा महिने मुलगा ज्याचं कौतुक गातोय तो डबा त्या कशा विसरतील? डबा आणि राउटर सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून. डब्यावर हळदीकुंकू, राउटरच्या तिन्ही काड्यांना झेंडूच्या माळा, समोर लिंबू.

"चालू ठेवलंय हो मी," त्या म्हणाल्या. "देवीला चालतं. फक्त उद्या पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही."

संध्याकाळी सहाला आम्ही हॉलमध्ये बसलो. अक्कांनी ठेवणीतली साडी नेसली होती. पंगत सुरू झाली, केळीची पानं दिसली, कडेने बादली आली, पद्माकररावांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि पडद्यावर ते पांढरं चक्र गरगरायला लागलं.

"बफर होतंय," यशोवर्धन म्हणाला.

पुन्हा लावलं. पुन्हा पद्माकरराव तोंड उघडून उभे. सात वेळा लावलं, सातही वेळा तेच. एवढीशी जुनी कॅसेट त्याने जगातल्या सगळ्यात उत्तम दर्जात उतरवली होती, म्हणजे फाइल हत्तीएवढी. आणि राउटरपुढे सबंध लोखंडबाजार.

"पेन ड्राइव्हवर घे ना," मी म्हणाले.

"पूजेत आहे."

"लॅपटॉप?"

"तोपण."

"आई, राउटर फक्त दहा मिनिटं बाहेर आणते," मी म्हणाले.

"अय्यो, बेडा! नको गं! वर्षभर यंत्रं रुसून बसतील. गेल्या वर्षी इस्त्री उचललीस, काय झालं?"

इस्त्री जळाली होती. ती माझ्यामुळे जळाली नव्हती, पण हा वाद मी वर्षभर हरते आहे.

शेवटी सासऱ्यांनीच तोडगा काढला. "देव हलत नाही ना? मग टीव्ही हलवा." भगवंतराव बँकेत मॅनेजर होते, हे अशा वेळी पटतं. पंचावन्न इंचांचा टीव्ही यशोवर्धन आणि मी दोन बाजूंनी धरून, जिन्याच्या कठड्यावर एकदा आणि माझ्या अंगठ्यावर एकदा आपटत, देवघराच्या दारात आणून स्टुलावर टेकवला. अक्कांना पाट दिला. बसता-बसता त्यांनी आधी देवीला आणि मग टीव्हीला नमस्कार केला.

लावलं, आणि काय सांगू! लोण्यासारखं चाललं. पानं, बादली, पद्माकररावांची मान, तोंड, पाठ, गेले. यशोवर्धनने विजयी वीरासारखं सगळ्यांकडे बघितलं.

"कुठे होते?" अक्कांनी विचारलं.

"आत्ता गेले की, अक्का."

पुन्हा लावलं. त्यांच्या नजरेला माणूस सापडेपर्यंत अकरा सेकंद संपत होते. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"थांबा, पॉज करतो," यशोवर्धन म्हणाला. पद्माकरराव पडद्यावर गोठले.

अक्कांनी बघितलं आणि मान हलवली. "असा फोटो आहे रे माझ्याकडे. हार घातलेला. ते मघाचं लाव. ते चाक फिरत होतं ना, तेव्हा वाटत होतं, आता बोलतील."

टीव्ही पुन्हा हॉलमध्ये गेला. या खेपेला माझा अंगठा वाचला.

आणि व्हिडिओ अडकेना! सहा महिन्यांत पहिल्यांदा यशोवर्धनचं ओटीटी हॉलमध्ये सुरळीत चाललं. पद्माकरराव आले तसे बादली घेऊन निघून गेले. तो घामाघूम होऊन म्हणाला, "आता नेटवर्क बिघडवू कसं?" पगार त्याला याच्या उलट कामाचा मिळतो.

तेव्हा सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरातून मोठा कुकर, इडलीपात्र आणि लोखंडी तवा घेऊन देवघरात गेल्या. भांडी राउटरला चिकटवून ठेवल्याचा खणखणाट आला. बाहेर येऊन माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उचलायचं नसतं. ठेवायला काही बंदी नाही."

पंगत. बादली. मान वर झाली, तोंड उघडलं, चक्र फिरायला लागलं.

अक्का खुर्ची ओढून अगदी पडद्याजवळ सरकल्या. "अहो, स्वल्प थांबा," त्या म्हणाल्या. "जन्मभर वाढतच राहिलात, माझ्या शेजारी पानावर कधी बसला नाहीत. उद्या मी कोइंबतूरला चाललेय. कोलारचं घर सोडलं. तुम्हाला विचारायचं राहिलं होतं."

चक्र फिरत होतं. पद्माकरराव आता बोलतील असेच बघत होते. यशोवर्धनने रिमोट हळूच सोफ्याच्या उशीखाली सारला आणि पंखासुद्धा बंद केला.