डाग न पडणारं तेल

मी एक जुनी चेन आहे. मोटरसायकलची. या लाँड्रीच्या भिंतीवर, इस्त्रीच्या टेबलाच्या वर, एका खिळ्याला लटकलेली असते. खाली पांढऱ्याशुभ्र चादरींच्या घड्या आणि वर मी, गंजून तांबडी झालेली. गिऱ्हाईक आत आलं की आधी माझ्याकडे बघतं आणि नाक मुरडतं. मुरडू दे बापडं. मला आता सवय झाली आहे.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, पिना ठोकल्या आणि कडीला कडी जोडत मी तयार झाले. खोक्यात भरण्याआधी मला घट्ट ग्रीसमध्ये बुडवून काढलं. तेवढं अंगभर वंगण मला पुन्हा कधी मिळालं नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मला काकांच्या मोटरसायकलला बसवलं. काका-काकूंची ही लाँड्री. मोठ्या दवाखान्याच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट इथे धुतले जायचे. काकू धुवायच्या, काका इस्त्री करायचे. त्यांच्या उजव्या हातात ती जड इस्त्री अशी फिरायची, की चादरीवर सुरकुती औषधालाही सापडायची नाही. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "काका, तुमच्या चादरीवर पेशंटला झोपवायचं जिवावर येतं हो!" ते वाक्य काका घरी येऊन काकूंना दोनदा सांगायचे. रोज सकाळी गठ्ठा मागच्या सीटवर बांधून आम्ही दवाखान्यात जायचो. ओढण्याचं काम माझं, आणि मला त्याचा केवढा तोरा होता!

पंधरा दिवसांतच माझं ग्रीस उडालं आणि गठ्ठ्यातल्या सगळ्यात खालच्या चादरीवर काळ्या ठिपक्यांची रांग उठली. काकूंनी ती चादर तीनदा धुतली. डाग हलेना. "जगाचे डाग आपण काढायचे आणि आपल्याच गाडीनं आपल्या तोंडाला काळं फासायचं! काय म्हणावं या कर्माला?" असं म्हणून त्या मटकन खाली बसल्या.

मिस्त्री म्हणाले, "काकू, नव्वद नंबरचं ऑइल घाला. दाट असतं, चेनला धरून राहतं. आणि गठ्ठ्याला प्लास्टिकचा कागद गुंडाळा, झालं!" अर्धी बाटली त्यांनी देऊनही टाकली.

पण प्लास्टिकमध्ये चादरी कोंदतात, त्यांना वास लागतो, असं काकूंचं म्हणणं. त्यांनी तेल आपल्या पद्धतीनं निवडायचं ठरवलं. दुपारी दुकानाच्या पायरीवर, माझ्या शेजारीच बसल्या. एका फाटक्या चादरीचे चार तुकडे केले. एकावर नव्वद नंबरचं ऑइल टाकलं, दुसऱ्यावर इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल, तिसऱ्यावर ग्रीस आणि चौथ्यावर शिलाई मशीनचं तेल. मग साबण लावून चारही खसाखसा धुतले. तीन तुकडे डागाळलेलेच राहिले. चौथा बगळ्यासारखा पांढरा झाला.

"अहो, हे बघा! एका धुण्यात गेलं. आता हेच घालायचं."

"वा! तेलाची परीक्षा घ्यावी तर तूच!" काका म्हणाले.

अहो काकू, जे तेल कापडावरून एका धुण्यात जातं, ते माझ्या अंगावर कसं टिकेल? मी जीव तोडून सांगत होते. पण चेनचं कोण ऐकतं?

काका तर जे दिसेल ते धुणारे. दर रविवारी ते मला साबणाच्या पाण्यानं घासायचे, कोरडं करायचे आणि त्या पातळ तेलाचे चार थेंब सोडायचे. मंगळवारपर्यंत मी पुन्हा ठणठणीत कोरडी. वरून मात्र लख्ख! दवाखान्याचा वॉचमन विचारायचा, "काका, गाडी नवी घेतलीत का?" काकू रोज डोळ्यांत तेल घालून चादरी तपासायच्या. एक ठिपका सापडत नसे. सगळे खूश होते, आणि आतून माझ्या पिना झिजत होत्या.

मग मी कुरकुरायला लागले. कड्या आखडल्या, ओढताना हिसके बसू लागले. एकदा मिस्त्रींनी रस्त्यातच थांबवून सांगितलं, "काका, चेन ओरडतेय. आणा एकदा गाडी." काका म्हणाले, "येतो रविवारी." रविवारी त्यांनी मला पुन्हा धुतलं.

त्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर मी तुटले. तुटून चाकात अडकले, चाक जागच्या जागी थांबलं आणि गाडी उजव्या अंगावर पडली. काकांचा हात तिच्याखाली होता. चादरी रस्त्याभर पसरल्या. मला त्यांचा आवाज अजून ऐकू येतो. मला रडता आलं असतं, तर मी त्या दिवशी रडले असते.

ऑपरेशन करून काकांच्या हातात सळई घातली. पुढे ती निघाली, पण बोटं अजून मिटत नाहीत. इस्त्री धरता येत नाही, गाडीचा ब्रेक दाबता येत नाही. गाडी विकली. ऑपरेशननंतर बँडेज बांधलेला हात गळ्यात घेऊन काका पहिल्यांदा घरी आले, तेव्हाच म्हणाले होते, "तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटणं धरायलाही हात नाही बघ!" स्वतःच हसले. काकू हसल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी मिस्त्री मला फडक्यात गुंडाळून घेऊन आले. त्यांनी माझी एक कडी वाकवून पाहिली. "काका, ही तर पार कोर..." इतकंच ते बोलले. काकू दारात उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी विचारलं, "माझ्या तेलानं तुटली ना?"

काकांनी मिस्त्रींकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "छे गं! चेन जुनी होती. यानंच जुनी घासूनपुसून आपल्या गळ्यात मारली."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "हो काकू. चुकलं माझं. जुनीच होती."

मग काकूंनी मिस्त्रींना जे काही सुनावलं, ते मी सांगत नाही. तो भला माणूस सगळं मुकाट्यानं ऐकून गेला. जाताना काकांनी डाव्या हातानं त्यांचा खांदा दाबला. आजही मिस्त्रींचे कपडे दर शनिवारी इथेच येतात आणि काकू तोंड फिरवून ते मोजून घेतात. त्याच रात्री काकांनी मला या खिळ्याला टांगलं. कुणी हाताचं विचारलं की ते माझ्याकडे बोट दाखवतात. "ही बघा, जुनी चेन."

आता इस्त्री काकू करतात. काका डाव्या हातानं घड्या घालतात, कोपऱ्याला कोपरा काही जुळत नाही. काल दुकानात कुणी नसताना काकू स्टुलावर चढल्या. त्यांनी माझ्या कड्यांवरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. बोटाला नुसता गंज लागला होता. काळं काहीच नव्हतं. आणि डागांतलं काकूंना कळत नाही, असं कोण म्हणेल?

"अहो," त्या म्हणाल्या, "इतकी जुनी चेन होती, तर तिच्यावर काळं कसं नाही?"

काका घडीवरून मान वर न करता म्हणाले, "सांगितलं ना, पुसून विकली त्यानं." काकू स्टुलावरून उतरल्या आणि त्यांनी इस्त्री तापायला ठेवली.

मित्रांनो, मी गाडीला जेमतेम चौदा महिने होते. माझ्यासारखी चेन तुमच्या घरच्या गाडीला असेल, तर वडिलांना सांगा, आईला सांगा, दाट तेल घाला. हात काळे होतील, होऊ द्या. आणि कधी कपडे द्यायला या दुकानात आलात आणि काकूंनी माझ्याकडे बोट दाखवून तुम्हाला विचारलं, तर एवढं माझ्यासाठी करा. त्यांना सांगा, हो काकू, चेन जुनीच दिसते.