डबीचे दिवे

ठमीने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस गेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. या खेपेला तिने डबीच्या मागच्या दिव्यांचं मनावर घेतलं होतं.

डबी म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं त्यांचं चाकांवरचं घर. आत दोघं झोपतात, तिसरं कसंबसं बसतं, आणि चौथ्याने बाहेर तंबू ठोकावा. ठमीच्या नवऱ्याने ती हौसेने जुनी विकत घेतली आणि हौस फिटल्यावर, नेहमीसारखं, निस्तरायचं काम ठमीच्या गळ्यात आलं. डबीचे मूळचे दिवे पार खाली, चाकांच्या उंचीवर, आणि आकाराने काडेपेटीएवढे. म्हणून ठमीने एलईडीचे नवे आणले होते. दोन्ही वरच्या कोपऱ्यांत एकेक लाल, त्यांच्या शेजारी वळायचे पिवळे, आणि मधोमध ब्रेकसाठी हातभर लांब पट्टी.

"एवढे दिवे?" आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती. "डबी नेणार आहेस की सर्कस?"

"आंधळ्यालाही दिसले पाहिजेत," ठमी फटकन म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

बाबा तिथेच पायरीवर बसून पाने पुसत होते. ऐकलं नाही असं दाखवून त्यांनी पुसलेलाच पाना पुन्हा पुसायला घेतला.

आता हे प्रकरण काय, ते सांगायला हवं. बाबांनी उभं आयुष्य बस चालवली. घाटातून, धुक्यातून, भरल्या बाजारातून. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं होतं की या माणसाच्या बसला कधी साधा ओरखडा आला नाही. ते वाक्य आई अजून पाहुण्यांना ऐकवते, पाहुण्यांनी विचारलेलं नसलं तरी. असा माणूस गेल्या महिन्यात तळ्यावरून परतताना, उतारावरच्या वळणावर, स्वतःची गाडी घेऊन मागून येत असताना आपल्या लेकीच्याच डबीवर जाऊन आदळला. जोरात नाही. त्यांनी करकचून ब्रेक मारला, गाडी रस्त्याच्या कडेला घातली, पण पुढचा कोपरा डबीला घासलाच. संध्याकाळ होती, अंधारून आलं होतं, पुढे गुरं आली म्हणून ठमीने वेग कमी केला होता.

"दिवे बंद होते तुझे," बाबा खाली उतरून म्हणाले. "ब्रेकचाही नाही, साधाही नाही. एकदम काळं."

सगळे मागे जाऊन बघतात तो काय, दोन्ही दिवे आपले लख्ख चालू. नवऱ्याने ब्रेक दाबून दाखवला. तेही लागले. बाबा त्या दिव्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच गाडीची किल्ली काढून ठमीच्या हातावर ठेवली आणि उरलेला रस्ता आईशेजारी, मागच्या सीटवर बसून आले.

ठमी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायचं काम करते. दुसऱ्याच दिवशी तिने बाबांना दुकानातल्या खुर्चीत बसवलं. खालची बारीक ओळसुद्धा त्यांनी घडाघडा वाचून दाखवली. मोतीबिंदू नाही, काही नाही. आणि खरं सांगायचं तर तिथेच ठमी धास्तावली. डोळे अधू असते तर बरं झालं असतं हो! चष्मा दिला असता, विषय संपला असता. पण डोळे चांगले आणि समोरचा पेटलेला दिवा दिसत नाही, म्हणजे मग दुखणं डोळ्यांच्या मागे आहे. आईने हळूच चुलतमामांची आठवण काढली. त्यांचंही असंच सुरू झालं होतं, शेवटी त्यांना स्वतःचं दार ओळखू येईना. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं. घरात कोणी त्याबद्दल मोठ्याने बोलत नव्हतं. बाबांची किल्ली ठमीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती आणि भाजी चिरताना ती तिकडे पाठ करून उभी राहायची.

बाबा मात्र रोज सकाळी खाली उतरून आपली गाडी पुसायचे. चालवायची नाही, तरी पुसायचे.

तर आज सुट्टीच्या दिवशी दुपारपासून काम चाललं होतं. ठमीने डबीच्या पाठीला भोकं पाडली, दिवे बसवले, पाणी आत जाऊ नये म्हणून कडेने सिलिकॉन भरलं. जुन्या दिव्यांच्या तारांतून नव्यांना जोड दिला. अर्थिंगची, म्हणजे वीज परत न्यायची, तार खालच्या लोखंडी सांगाड्याला आवळण्याआधी तिथला रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला. बाबा हवं ते हातात देत होते. पूर्वीचे बाबा असते तर "अशी नको धरू, तशी धर" म्हणून डोकं उठवलं असतं. आज मुकाट्याने पक्कड मागितली की पक्कड, टेप मागितली की टेप. ठमीला वाटत होतं, ओरडा की हो एकदा माझ्यावर!

"बघूया आता," ती म्हणाली. नवऱ्याने गाडी मागे घेऊन डबीजवळ लावली. डबीचा दांडा अजून त्याच्या आधाराच्या चाकावरच टेकलेला होता, गाडीला चढवला नव्हता. ठमीने नुसती तारेची पिन गाडीत खोचली. नवरा आत बसला, बाबा डबीच्या मागे जाऊन उभे राहिले.

"दाब ब्रेक! बाबा, लागले का?"

बाबा डबीच्या कडेने डोकं काढून पुढे पाहू लागले.

"बाबा?"

"मला..." बाबा अडखळले. "मला तर नाही दिसत लागलेले. तूच ये. तू बघ एकदा."

ज्या माणसाने धुक्यात घाट उतरवले, तो अंगणात उभा राहून दिवा लागला की नाही ते दुसऱ्याला विचारत होता. ठमी मागे गेली. दिवे खरोखरच बंद होते. नवे तर नाहीच, जुनेही नाहीत.

"झालं!" आई म्हणाली. "होते तेही घालवलेस."

ठमीने कपाळावर हात मारून घेतला. मग एकेक जोड उलगडून पाहिला. सगळं जिथल्या तिथे. तिने पिन काढली, खोचली, पुन्हा काढली, पुन्हा खोचली. तिच्या तोंडून दोनतीन शब्द असे गेले की आईने खुर्ची वळवून घेतली.

"अगं, आधी डबी चढवून तरी टाक गाडीला," नवरा खिडकीतून डोकं काढून म्हणाला. "नाहीतरी ती जोडायचीच आहे ना? मग बघ शांतपणे."

या माणसाच्या सल्ल्याने आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं. पण ठमी इतकी वैतागली होती की काहीतरी गरागरा फिरवायला तिला बरंच वाटलं. तिने आधाराच्या चाकाचं हँडल फिरवलं. दांडा खाली आला आणि त्याच्या टोकाची वाटी गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर खट्‌कन बसली.

"लागले," मागून बाबा म्हणाले. आणि मग हळूच, "मला वाटतं, लागले."

ठमी धावत मागे गेली. काय ते दिवे! डबीची पाठ लालेलाल झाली होती, मधली पट्टी तर बघवत नव्हती. आईने खुर्चीतूनच "अगंबाई" केलं. ठमी हसायला लागली, आणि हसता हसता थांबली.

हात तर कशालाच लावला नव्हता. मग लागले कसे?

ती सावकाश पुढे गेली. "तू ब्रेकवरचा पाय काढू नकोस," तिने नवऱ्याला बजावलं. हँडल उलटं फिरवलं. वाटी गोळ्यावरून बोटभर उचलली गेली. पुढून तिला मागचं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त बाबांना.

"बाबा, आता?"

"आता... बंद." मग ते म्हणाले, "तू येतेस का बघायला?"

"नाही येत. तुम्हीच सांगा." तिने वाटी खाली सोडली. "आता?"

"लागले."

उचलली. "आता?"

"गेले."

दिवसभर दुकानात ती लोकांना हेच विचारते. आता स्पष्ट दिसतंय का? आणि आता? पण एवढा जीव मुठीत धरून तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं. तिने दांडा खाली केला, वर केला, अर्धवट ठेवला, जरासा हलवला.

"लुकलुकतायत," मागून बाबांचा आवाज आला. आता तो चढा होता, बसमध्ये मागच्या दारातल्या लोकांना पुढे सरकायला सांगायचा तो आवाज. "लागले! गेले! पुन्हा लागले! अगं ठमे, काय चाळा लावलायस? एक काय ते ठरव!"

ठमीने हँडल सोडलं आणि खाली मातीतच बसली. तशीच बसून तिने पिन उघडली. आत अर्थिंगची पांढरी तार हिरवी पडून स्क्रूपाशी तुटली होती. बोट लागताच भुगा झाला.

"तार तुटलीय," ती ओरडली. "बाबा, अर्थिंगची तार तुटलीय, कधीची कोण जाणे! वीज आपली गोळ्यातून परत जातेय. वाटी घट्ट बसलेली असली की दिवे लागतात. उतारावर, वळणावर डबी उसळली की वाटी उचलते आणि दिवे जातात. थांबलं की पुन्हा बसते. आपण बघायला उतरलो तेव्हा गाडी उभी होती. उभ्या गाडीला लागणारच ना दिवे!"

"आणि तू त्या सकाळी गोळ्याला ग्रीस चोपडलं होतंस," नवरा गाडीतून म्हणाला. "लोणी फासावं तसं. त्या थरातून वीज जाणार कशी?"

"चोपडलं होतं," ठमी म्हणाली. "ग्रीसही मीच चोपडलं होतं."

बाबा डबीला वळसा घालून पुढे आले. त्यांनी ती तुटकी तार हातात घेतली, उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.

"म्हणजे बंद होते," ते म्हणाले.

"बंद होते, बाबा."

"ब्रेकचाही नव्हता."

"नव्हता. एकही नव्हता. तुम्ही सांगितलंत तसंच होतं सगळं, आणि मी..." ग्रीसच्या हातांनीच ठमीने डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं.

बाबा तिच्या शेजारी मातीत टेकले. गुडघे कुरकुरले, पण टेकले. "महिनाभर मी खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचतोय," ते म्हणाले. "दूरचे, जवळचे, पळत्या गाडीचे. एकही चुकत नाही. मग तो दिवा कसा चुकला, हेच कळेना गं. रात्री झोप लागेना. म्हटलं, आता उद्या तू समोर आलीस आणि तूच दिसली नाहीस, तर?"

आई खुर्चीतून उठून आली होती. तिने पदराने आधी ठमीचं तोंड पुसलं, मग बाबांचं, आणि मग स्वतःचं. "मी म्हणतच होते," ती म्हणाली.

"काय म्हणत होतीस?" बाबांनी विचारलं.

"काहीतरी म्हणतच होते."

नवरा खो खो हसला, त्याच्यामागून आई, आणि मग सगळेच. महिनाभराचं ओझं असं अंगणात, मातीत, एका दमात उतरलं. ब्रेकवरचा पाय मात्र नवऱ्याने इमानदारीने अजून काढला नव्हता.

"सोमवारचं काय करायचं मग?" आईने विचारलं. "डॉक्टरांना नाही म्हणून कळवू?"

"कशाला?" बाबा म्हणाले. "आता वेळ घेतलीच आहे तर ठमीला घेऊन जा. सख्ख्या बापावर विश्वास नाही म्हणते, तपासून तरी घ्या." बोलता बोलता त्यांनी पक्कड उचलली. "आण ती नवी तार इकडे. अशी नको धरू, तशी धर. आणि टोक नीट तास, निम्मे धागे बाहेर राहिलेत! कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच," ठमी म्हणाली. महिनाभरात असं सुख तिला झालं नव्हतं.

तार बदलून झाली. डबी चढवली, उचलली, हलवली, दिवे लागले ते लागलेच, हूं की चूं करेनात. ऊन उतरलं होतं. ठमी आत जाऊन खिळ्यावरची किल्ली घेऊन आली आणि बाबांपुढे धरली. बाबांनी विजारीला हात पुसले, किल्ली घेतली आणि एकदा तळहातावर झेलून पाहिली.

"तळ्यापर्यंत जाऊन येऊ," ते म्हणाले. "तू पुढे. मी मागे."

गावाबाहेर पडेपर्यंत चांगलंच अंधारलं. तोच उतार आला, तेच वळण. ठमीचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. तिने वेग कमी केला, ब्रेकवर पाय ठेवला आणि बाजूच्या आरशात पाहिलं. मागच्या गाडीचे दोन दिवे शांतपणे तेवढ्याच अंतरावर राहिले. डबीच्या उजेडात काचेमागचे बाबा लाल दिसत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. शेजारी आई.

नवऱ्याचा फोन वाजला. त्याने तो ठमीला ऐकू येईल असा धरला. पलीकडे आई होती.

"ठमीला सांग, हे म्हणतायत, ब्रेक जरा कमी दाब," आई म्हणाली. "डोळे दिपतात म्हणे यांचे."