कॅप्टनच्या मिशा

त्या रविवारी आमच्या उर्किदी गावच्या चौकात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. दोनशे वर्षांपूर्वी गाव वसवणारे कॅप्टन उर्किदी फुल्हेन्सियोच्या अंगात यायचे होते.

हा फुल्हेन्सियो मूळचा कोचाबांबा शहरातला गाद्या विकणारा. चौकातल्या कॅप्टनच्या पुतळ्यासमोर त्याला पहिला झटका आला, तेव्हापासून कॅप्टन त्याच्या तोंडून बोलू लागले. आवाज घोगरा, डावा पाय लंगडा, हात सतत मिशांवर. पुतळाही तसाच, मिशाळ आणि डावा पाय वाकडा. लोकांना याहून मोठा पुरावा लागेना. भक्त श्रद्धेने लंगडू लागले. ज्यांना मिशा फुटत नव्हत्या त्यांनी काजळीने काढल्या. माझ्या सासूबाई तर मिशा रंगवूनच बाजारात जायच्या.

इथवर हसून सोडलं असतं. पण मग कॅप्टननी फर्मावलं की डोंगरातला झरा त्यांच्या खऱ्या वारसाला द्यावा. वारस कोण? अर्थात फुल्हेन्सियो. गावाचा मका त्या एका झऱ्यावर पिकतो. तरीही त्या रविवारी लोक झरा देण्याच्या कागदावर अंगठे उठवायला तयार होऊन आले होते.

शाळेच्या इतिहासाच्या बाई निकानोरा पुढे आल्या. झरा देण्याआधी कॅप्टनना दोन प्रश्न विचारायचे आहेत, म्हणाल्या. फुल्हेन्सियोने डोळे मिटून मान डोलावली.

"चर्चची मोठी घंटा कोणी दिली, कॅप्टन?"

"आम्ही! लढाईतली तोफ वितळवून ओतली."

"तिच्यावर काही कोरलंय का?"

"आमचं नाव आणि आमचा पराक्रम."

बाईंनी भलामोठा कागद उलगडला. आदल्या दिवशी त्या मनोऱ्यावर चढल्या होत्या. घंटेवरची कबुतरांची घाण खरवडून त्यांनी कागद लावला आणि वरून कोळसा घासला. अक्षरं जशीच्या तशी उमटली. त्यांनी वाचून दाखवलं, "हे गाव मी वसवलं. बेर्नार्दा उर्किदी, विधवा, चार लेकरांची आई."

फुल्हेन्सियोचा हात मिशीवरून खाली आला. क्षणभराने तो बारीक आवाजात म्हणाला, "होय रे माझ्या लेकरांनो, मीच ती बेर्नार्दा."

"मग मिशा कोणाच्या?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या स्वतःच्या मिशा तेव्हा घामाने हनुवटीपर्यंत ओघळल्या होत्या.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा चौक हसायला लागला.

मग बाईंनी सगळ्यांना पुतळ्याच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे पुतळा ओतणाऱ्याने भलत्याच एका कर्नलचं नाव कोरलेलं होतं. दुसऱ्या एका शहराने टाकून दिलेला हा पुतळा गाव वसल्यावर शंभर वर्षांनी स्वस्तात आणला गेला होता. उतरवताना पडून त्याचा पाय वाकला. डाग दिलेला सांधा अजून दिसतो. खालच्या पाटीवरच्या 'बी. उर्किदी' या नावाआधी 'कॅप्टन' कुणी जोडलं, देव जाणे. फुल्हेन्सियोने पाटी वाचली, पुतळा पाहिला आणि दोन्हींची नक्कल केली. त्याचं सगळं दिव्यज्ञान एवढंच.

"पण घंटासुद्धा खोटं बोलत असेल," गर्दीतला एक लंगडणारा भक्त चिडून म्हणाला.

बाईंना ती शंका फार आवडली. "बरोबर बोललात, दादा. म्हणून मी जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जाऊन बेर्नार्दाबाईचं मृत्युपत्रही पाहून आले. घंटेशी जुळतं. आणि झरा तिने सगळ्या गावाला दिलाय."

फुल्हेन्सियो दुपारच्या बसने गेला. झरा गावाचाच राहिला.

जुन्या काळचं कुणी काही सांगू लागलं की आता आमच्याकडे लोक विचारतात: हे कोणी लिहिलं? केव्हा लिहिलं? त्याने स्वतः पाहिलं होतं का? आणखी कुठे सापडतं? तुम्हीही विचारा. मेलेली माणसं कुणाच्या अंगात येऊन बोलत नाहीत. पण जिवंतपणी त्यांनी लिहिलेलं, कोरलेलं मागे राहतं. ते वाचायला डोळे मिटून घुमावं लागत नाही, उघडे ठेवावे लागतात.