पहारेकऱ्याचा आवाज

भाजी चिरायच्या सुरीने आवाजवाल्यांनी खोक्यावरचं प्लॅस्टिक कापलं आणि आतल्या आठही डिस्क जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. एकाहत्तराव्या वर्षी कार्टून. कोणी पाहिलं असतं तर म्हातारचळ लागला म्हटलं असतं. पण पाहायला घरात कोणी नव्हतं.

खोका मुलीने पाठवला होता, दुसऱ्या शहरातून, कुरियरने. सोबत चिठ्ठी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. झाकणावर निळा मुखवटा घातलेला पहारेकरी गच्चीच्या कठड्यावर उभा होता. तीस वर्षांपूर्वी या पहारेकऱ्याला आपल्या भाषेत बोलतं केलं होतं ते यांनीच. दोन वर्षं, एका रविवाराआड एक असे बावन्न भाग. रविवारी सकाळी गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांतून यांचा आवाज यायचा, तेव्हापासून शेजारीपाजारी त्यांना आवाजवाले म्हणत. आता ते शेजारीही फारसे उरले नव्हते.

त्यांनी पहिली डिस्क लावली. संगीत तेच. हाताने रंगवलेलं काळंनिळं शहर तेच, धुराड्यांमागून वर येणारा पिवळा चंद्रही तोच. पहारेकरी कठड्यावर आला आणि आवाजवाले खुर्चीत सावरून बसले. ओठ आपसूक हलले, "शहर झोपलंय, म्हणून मी जागा आहे."

पडद्यावरचा पहारेकरीही तेच म्हणाला. फक्त आवाज दुसऱ्याच कोणाचा होता. तरुण, गुळगुळीत, हॉटेलात खोलीची किल्ली देणाऱ्या माणसासारखा.

त्यांनी डिस्क काढली, सदऱ्याला पुसली, परत लावली. मग दुसरी लावून पाहिली, मग पाचवी. शेवटी जुन्या रेकॉर्डिस्टला फोन लावला.

"तुझ्या टेपा गेल्या रे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "गोदामात पाणी शिरलं होतं. मग सगळं नव्याने डब केलं त्यांनी. तुला सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही."

"बावन्नच्या बावन्न?"

"संवाद सगळे गेले. एक डबा तेवढा वाचला, धापांचा."

उडी, धक्का, पोटात बसलेला ठोसा, धावून लागलेला दम, हे आवाज संवादांपासून वेगळ्या टेपेवर घेत असत. एका दुपारी उभं राहून पन्नास वेळा पडायचं आणि शंभर वेळा मार खायचा. ती दुपार आवाजवाल्यांना अजून आठवत होती, कारण नंतर चार दिवस बरगड्या दुखत होत्या.

"नव्या पोराला बोलता येतं झकास, पण मार खाता येईना," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "म्हणून तुझ्याच धापा वापरल्या."

"म्हणजे बोलायचं त्याने आणि मार खायचा मी."

"नशीब एकेकाचं," म्हणून रेकॉर्डिस्ट हसला. आवाजवाल्यांना हसू आलं नाही.

त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण ते गल्लीसाठी नव्हतं आणि नावासाठीही नव्हतं. वाटलं ते मुलीसाठी. त्या दोन वर्षांत त्यांनी घरी तोंड उघडलं नव्हतं. गळा हीच पोटाची सोय, तो घरात खर्च करायचा नाही, असं एका थोर नटाने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मग गळ्याला मफलर, हातात कोमट पाणी आणि मांडीवर पाटी. पाटीवर लिहायचं: मीठ कमी. दार लाव. शाब्बास. बायको म्हणायची, "बाहेर जग वाचवतात, घरात मीठ मागायला तोंड नाही." रविवारी सकाळी मुलगी टीव्हीसमोर मांडी घालून बसायची आणि पहारेकऱ्याशी गप्पा मारायची. मागच्या खुर्चीत बाप गप्प बसलेला असायचा.

मालिका संपली, पाटी माळ्यावर गेली, सवय मात्र गेली नाही. बायको होती तोवर दोघांच्या वाटचं तीच बोलत असे. ती गेल्यावर मुलीचा फोन दर रविवारी येई आणि दोन मिनिटांत आटपे. बरे आहात ना? हो. गोळ्या घेतल्या? हो. ठेवू? ठेव. बापाचं म्हणून जे काही बोलणं तिच्या वाट्याला आलं होतं, ते त्या बावन्न भागांत होतं. आणि तेच आता पाण्यात गेलं होतं.

तरीही त्यांनी चार दिवस बसून आठही डिस्क पाहिल्या. काम करताना मालिका तुकड्यातुकड्याने समोर आली होती. सलग गोष्ट त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पोरं एवढी खिळून का बसत ते त्यांना आत्ता कळलं. पहारेकरी दर वेळी जिंकत नसे. कधी चोराची कीव येऊन त्याला सोडून देई, आणि भाग संपताना मुखवटा काढून आपल्या एका खोलीत एकटाच जेवायला बसे. मधेच तो कुठूनतरी कोसळे आणि आवाजवाल्यांना स्वतःचा चाळिशीतला श्वास ऐकू येई. त्या वेळी ते घास हातात धरून थांबत.

रविवारी फोन आला.

"पाहिलंत?" मुलीने विचारलं.

"हो."

यानंतर गोळ्यांचा प्रश्न यायचा. तो आला नाही.

"बाबा, त्यात तुम्ही नाही आहात," ती म्हणाली. "मी माझ्यासाठीही एक संच घेतला. सगळे भाग पाहिले. म्हणजे, ऐकले. तुमचा आवाज ऐकायलाच घेतला होता."

त्यांनी घसा खाकरला. "बोलणं माझं नाही. पण तो पडतो ना, धापा टाकतो..."

"ते तुम्ही. ते ओळखलं मी."

"नुसत्या धापेवरून?"

"घरी मला तेवढंच तर ऐकायला मिळायचं," ती म्हणाली. ती चिडली नव्हती, जे होतं ते सांगत होती. "तुम्ही जिना चढून यायचात आणि दाराशी उभं राहून दम घ्यायचात. मी आतून ओळखायचे, बाबा आले."

आवाजवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. जन्मभर ते कोणीतरी लिहून दिलेलं बोलत आले होते. आत्ता समोर कागद नव्हता.

"ठेवू?" तिने विचारलं.

"थांब."

ती थांबली. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"आतला नळ गळतोय," ते म्हणाले. "मंगळवारपासून. वायसर गेलाय बहुतेक."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मग?" ती म्हणाली.