बिनदोऱ्याची बिडी

मित्रांनो, मी एक जुनी सुपली आहे. माझी कहाणी सांगणारच आहे, पण आधी तक्रार. ज्याची तक्रार आहे त्याचं नाव हेमेंद्र, आमच्या जमुनाबाईचा नातू. ओठावर मिशी आली आहे, वनरक्षक व्हायचं म्हणून रोज सकाळी मुर्रीच्या रस्त्यानं पळतो, आणि अंगात नागझिऱ्याचा वाघ शिरल्यासारखा चालतो. आणि हा वाघ आपली चोरी कुठे लपवतो? म्हाताऱ्या सुपलीच्या पोटात. तेही मला न विचारता. तुम्ही म्हणाल, सुपलीला कोण विचारतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बाबू, माझ्या पोटात काही लपून राहत नाही. निवडून वेगळं काढणं हाच माझा धंदा आहे.

मी बांबूची. बोदलकशाकडच्या रानात वाढले आणि बिसराम बुरडाच्या कोयत्याखाली आले. त्यानं मला चिरलं, सोललं, कामट्या भिजवल्या आणि घट्ट विणलं. गोंदियाच्या बाजारात जमुनाबाईनं मला हातात घेतलं तेव्हा तिच्या लग्नाची हळदसुद्धा उतरली नव्हती. तिनं मला उन्हाकडे धरून फटी पाहिल्या. कडा ओढून पाहिली. मूठभर तांदूळ टाकून झेलून पाहिले. बिसराम वैतागला. म्हणाला, "बाई, सुपली घेऊन राहिल्या का नवरी पाहून राहिल्या?"

"नवरी असती तर एवढं नसतं पाहिलं," ती म्हणाली. "सुपली जन्मभर मांडीवर राहते."

घरी आणून तिनं मला मेथी आणि कागदाच्या लगद्यानं लिंपलं, उन्हात वाळवलं आणि मांडीवर घेतलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी बिड्या वळतो.

तिची शाळा दुसरीतच सुटली, पण हात असे चालायचे की पाहणाऱ्याची नजर मागे पडावी. तेंदूचं ओलं पान कापायचं, त्यावर तंबाखू पसरायची, वळायचं, पेटवायचं रुंद टोक नखानं मिटवायचं आणि ओढायच्या बारीक टोकाशी दोरा बांधायचा. हा दोरा शोभेचा नसतो बरं का, मित्रांनो. जळत जळत आग दोऱ्याशी आली की बिडी संपली, फेकून द्यायची. ओढणारा कितीही हावरट असो, दोरा त्याला थांब म्हणतो.

तयार बिड्या सट्टेदाराकडे न्यायच्या. सट्टेदार म्हणजे कारखान्याचा माणूस, तो पानं-तंबाखू देतो आणि बिड्या घेतो. जी बिडी पसंत पडली नाही ती तो बाजूला काढतो. तिला छाट म्हणतात. छाट निघाली की बाईचा चेहरा उतरतो, आणि आमच्या गल्लीत ती बातमी चहाआधी पोचते. आमच्या जमुनाबाईची छाट कधी निघाली नाही. ती हे सांगायला कधी विसरतही नाही.

म्हणून गल्लीतल्या बाया आधी तिच्याकडून माल तपासून घेऊ लागल्या. ती बिडीचं पोट दाबायची, टोक पाहायची, दोरा ओढायची, वास घ्यायची आणि शेवटी बिडी हातभर उंचीवरून माझ्यावर टाकायची. भरलेली बिडी माझ्यावर जड पडते, पोकळ बिडी टिचकीसारखी उडते. निकाल मी देत होते, नाव तिचं होत होतं. असो. छाट निघाली म्हणून एखादी रडायला लागली तर जमुनाबाई ती बिडी उचलायची, दोरा सोडायची, पान मोकळं करायची आणि पुन्हा वळायची. "पानाचा काय दोष वो," म्हणायची, "वळणारीचं ध्यान कुठं होतं ते पाह्य."

आता काम कमी झालं आहे. बाया दुसऱ्या कामाला लागल्या. मीही बरेच दिवस खुंटीवर टांगलेली असते, माझी एक कडा उसवली आहे आणि मला कोणी लिंपत नाही. पण सकाळी जमुनाबाई आणि शेजारची कुसुमबाई अजून ओसरीवर बसतात. हात चालतात आणि तोंडंही. या ओसरीवरच चुन्नीलालबाबांची खाट होती. ते जमुनाबाईचे मालक. त्यांचा खोकला मी पुष्कळ वर्षं ऐकला. मग तो थांबला आणि खाट उभी करून ठेवली. त्यानंतर या घरात बिडी वळली जाते, ओढत कोणी नाही.

तर असं घर, मित्रांनो. आणि भरतीची धाव तोंडावर आलेली. हेमेंद्रसाठी रोज चणे भिजत होते, अंडी उकडत होती. कुसुमबाईची नात दामिनीसुद्धा त्याच भरतीला बसलेली. दोघं राइस मिलपर्यंत पळायचे आणि परत यायचे. पूर्वी हेमेंद्र आधी अंगणात शिरायचा आणि दामिनीला चिडवायचा. अलीकडे तो मागून यायचा आणि म्हणायचा, बूट चावून राहिला.

एका संध्याकाळी घरात कोणी नव्हतं. माझ्या पोटात उद्याची कापलेली पानं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली होती. हेमेंद्र आला, फडकं उचललं आणि पानांखाली एक वस्तू सरकवली. त्याची आई नीतू रोज त्याची बॅग झाडते, पण जमुनाबाईच्या सुपलीला हात लावायची तिची छाती नाही. हा हिशेब त्यानं केला. एक गोष्ट मात्र त्याला सुचली नाही. ती वस्तू गळत होती.

सकाळी फडकं उघडलं तर पिकल्या आंब्याचा वास. जमुनाबाईला शंका आली नाही, कारण आतल्या खोलीत भाताच्या तणसात आंबे पिकायला घातले होते. ती वरची वरची पानं घेत वळत गेली आणि दुपारी बिड्या घेऊन सट्टेदार घनश्यामकडे गेली.

परत आली तेव्हा तिच्या पिशवीत सगळ्या बिड्या तशाच होत्या.

कुसुमबाईनं विचारलं, "काऊन वो, सट्टेदार नव्हता का?"

"होता. हासून राहिला होता. म्हणे, जमुनाबाई, बिडी आणली का आंब्याची वडी?"

"मंग?"

"मंग काय. छाट."

कुसुमबाईच्या हातातली कैची थांबली. मला वाटलं माझी वीण सुटते की काय. जमुनाबाई ओरडली नाही, रडली नाही. तिनं पदर खोचला, मला उचललं आणि पाखडायला लागली. काय सांगू, मित्रांनो, कित्येक दिवसांनी माझ्यात जीव आला. पानं उडाली, तंबाखूची भुकटी उडाली. हलकं ते पुढे जातं, जड ते मागे तिच्या अंगठ्यांकडे येतं, आणि खडखडत आली ती वस्तू. अंगठ्याएवढी, निळी, चापट, शिट्टीसारखं तोंड असलेली.

तेवढ्यात हेमेंद्र अंगणात शिरला. त्याच्या मागे दामिनी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा वाघ तिथेच बसला.

"हे काय व्हय?" जमुनाबाईनं विचारलं.

"काही नाही आजी. व्हेप म्हणतात त्याले. सर्दीसाठी भाप घ्याची असते ना, तसं."

"खोटं," दामिनी म्हणाली. "बॅटरीची सिगारेट आहे ती. विक्रीवर बंदी आहे आजी. भरतीच्या वेळी खिशात सापडलं तर पळायचं कामच नाही राहणार."

"तू चूप राय ना."

मला वाटलं आता ती वस्तू विहिरीत जाणार. पण जमुनाबाई बसली, मला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "थांबा. माल पाहिल्याबिगर मी कोणाची छाट करत नाही. सांग हेमेंद्र, याचे गुण सांग. मी ऐकून राहिली."

हेमेंद्रला हुरूप आला. तो उकिडवा बसून दाखवू लागला. ही काच, यातून आतलं पाणी दिसतं. हे रबराचं बूच, ते काढून बाटलीतून भरायचं. खाली चार्जिंगचं भोक. राख नाही, काडी नाही, कपड्यांना वास नाही. ओढलं की दिवा लागतो. तोपर्यंत गल्लीतल्या बाया कुंपणाशी जमल्या होत्या. बंदूक तपासावी तशी जमुनाबाई ती वस्तू फिरवून पाहत होती, आणि मीही माझ्या उसवलेल्या कडेनिशी ताठ झाले होते. इतक्या वर्षांनी तपासणी होती, आणि तीही असल्या मालाची.

तिनं पोट दाबलं. "मजबूत आहे. करणाऱ्यानं काम चांगलं केलं." तोंड पाहिलं. "गुळगुळीत. ओठाले लागत नाही." बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. हेमेंद्र हसला. तिनं वास घेतला, बोट फिरवलं आणि बोट पदराला पुसलं. "पोट मात्र गळते. माझ्या पानांचा सत्यानाश यानंच केला. यात तंबाखू आहे का?"

"तंबाखू नाही. थोडं निकोटिन आहे."

"म्हणजे तंबाखूची ताडी काढून भरली."

बाया हसल्या. तिनं वस्तू हातभर उंच धरली आणि माझ्यावर टाकली. ठक. जड पडली. मी खोटं कशाला सांगू, भरलेल्या मालाचाच आवाज होता.

"पास झाली का?" हेमेंद्रनं विचारलं.

जमुनाबाई तिला उलटी-सुलटी करत होती. "याचा दोरा कुठं आहे?"

"कोणता दोरा?"

"बिडी दोऱ्यापाशी संपते. हे कुठं संपते?"

"हे संपतच नाही आजी. संपलं की पुन्हा भराचं. तेच तर याचं खास आहे."

"मंग माणसाले कसं समजते, आता बस?"

हेमेंद्र चिडला. "तू स्वतः बिड्या बनवते अन् मले शिकवून राहिली."

जमुनाबाईनं मान वर केली. "हो, बनवते. त्याच कमाईवर तुझा बाप शिकला. पण तुझ्या आजाले खोकताना पाहिल्यावर मी या घरात कोणाले ओढू दिली का? सांग." मग तिचा आवाज उतरला. "शेवटची तपास राहिली. दामिनी, चप्पल काढ, बूट घाल. दोघं राइस मिलले हात लावून या. तू आधी आला तर ही वस्तू तुझी, माझा हात बी नाही लागणार."

काय गोंधळ उडाला, मित्रांनो. पोरं रस्त्यावर आली, कुसुमबाई कैची हातात घेऊनच दारात धावली, कोणाचा तरी कुत्रा विनाकारण भुंकत सुटला. दोघं वळणाआड गेले. जमुनाबाईनं उंबऱ्याजवळ पाण्यानं भरलेला लोटा ठेवला आणि त्याच्या शेजारी मला. माझ्या मध्यावर ती निळी वस्तू. तिनं असं का केलं ते कोणाला कळलं नाही. मलाही नाही.

कोणी तरी ओरडलं, "आले." माझी प्रत्येक कामटी ताणली गेली. मला हेमेंद्रनं जिंकावं असं वाटत होतं. पोटात चोरी लपवली तरी पोरगा घरचाच. वळणावर पहिली दामिनी दिसली. वेणी पाठीवर आपटत ती सरळ आली आणि अंगणात थांबून हसत श्वास घेऊ लागली. कुसुमबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. हेमेंद्र आला तो चालत, कमरेवर हात ठेवून, छातीतून फाटल्यासारखा आवाज काढत. तो खोकला मी ओळखला. तसा खोकला या ओसरीनं आधी ऐकला होता.

तो उंबऱ्याशी वाकला. डोळे लाल, ओठ कोरडे. लोटा त्याच्या हाताजवळ होता. काठोकाठ पाणी. आणि त्याचा हात लोट्यावरून पुढे गेला आणि माझ्यात आला.

बोटं त्या निळ्या वस्तूवर बंद झाली, तेव्हा त्यालाच कळलं. त्यानं हात आहे तिथेच ठेवला.

मित्रांनो, मी बांबूची सुपली. मला कोणी लिंपावं, माझी कडा बांधावी, एवढंच माझं मागणं. ज्याची निगा राखता येते ते उसवण्याआधी पाहावं. माझी कडा पुन्हा विणता येईल. माणसाच्या छातीच्या कामट्या कोणत्याही बुरडाला विणता येत नाहीत. आणि आंब्याच्या वासानं कोणी काही पुढे केलं, तर आधी त्याचा दोरा शोधा.

जमुनाबाईनं हेमेंद्रची बोटं एकेक करून उघडली. वस्तू काढून तिनं कुसुमबाईच्या हातात दिली, म्हणाली याची काच फोड. मग लोटा उचलून त्याच्या तोंडाला लावला. तो पिईपर्यंत थांबली. पाणी त्याच्या हनुवटीवरून सांडत होतं. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं निकाल दिला.

"माल बिनदोऱ्याचा होता, हेमेंद्र. छाट तुझी निघाली. पण छाटलेली बिडी मी आजवर फेकली नाही, खोलून पुन्हा वळली. उद्या सकाळी दामिनीच्या मागं पळ. मी दारात बसून राहीन."