काकांनी निवडलेली नळी

चूक काकांची होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी "परिस्थितीच तशी होती" म्हणून सुटायला नको. परिस्थिती काही करत नसते. माणसं करतात आणि तिच्या नावावर खपवतात.

मी कानाचं मशीन बोलतोय. कानामागं अडकवतात ना, वाकड्या शेंगेसारखं, ते. माझा रंग म्हणे कातडीचा. असल्या रंगाची कातडी मी आजवर एकाही माणसाची पाहिलेली नाही.

माझ्या पोटात आवाज मोठा होतो. पण तो कानात पोचवायचं काम माझं नाही. माझ्या टोकाला एक हूक, हुकाला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला मोल्ड. मोल्ड म्हणजे कानाचा ठसा घेऊन बनवलेला तुकडा, त्याच एका कानात घट्ट बसणारा. मी वर्षानुवर्षं चालतो. नळी चालत नाही. ती पिवळी पडते, कडक होते, आखडते आणि एक दिवस चिरते. मग बदलावी लागते. आणि नळी बदलायची वेळ मला नकोशी असते, कारण तेव्हा मला कानावरून उतरवतात आणि माझ्या मालकाबद्दल इतर लोक ठरवायला लागतात.

मालकाला घरात झिपऱ्या म्हणतात. डाव्या कानानं त्याला लहानपणापासून काहीच ऐकू येत नाही, उजव्यात मी. मला झाकायला त्यानं केस वाढवले, म्हणून झिपऱ्या. केस का वाढवले हे कुणी विचारलं नाही, नाव मात्र लगेच ठेवलं.

कॉलेजात तो दीड वर्ष टिकला. सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे. फळ्यावर आपटून आलेला आवाज मी वेचत बसायचो, त्यातलं निम्मं पंख्याचं निघायचं. त्यानं कॉलेज सोडलं तेव्हा घरात सुतकी कळा आली. वडील वारल्यापासून घरातलं सगळं मोठे काकाच बघतात. ते म्हणाले, "महाराजांना शिक्षण झेपलं नाही." आई काही म्हणाली नाही. ती काकांच्या विरुद्ध कधीच काही म्हणत नाही, आणि लोक तिला सोशिक म्हणतात. मी तिच्या लेकाच्या कानावर बसून तिचं ते न बोलणं रोज ऐकत आलोय. त्यात मला कौतुकासारखं काही दिसत नाही.

झिपऱ्याच्या हाताला चव होती. काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ मोठ्या हॉटेलात मॅनेजर होते. काकांनी शब्द टाकला आणि झिपऱ्याला तिथल्या स्वयंपाकघरात महिनाभर कामावर ठेवून बघायचं ठरलं. जमलं तर पक्की नोकरी. त्याला आयुष्यात दुसरं काही हवंच नव्हतं. फक्त काकांनी मॅनेजरला सांगितलं होतं, "पोरगा एकदम धडधाकट आहे." माझा उल्लेख केला नव्हता.

त्या स्वयंपाकघरात एक रीत होती. जागा अरुंद, माणसं पाठीला पाठ लावून उभी. कुणी उकळतं भांडं घेऊन मागून निघालं की ओरडायचं, "गरम, मागे!" ज्याच्या कानावर ते पडेल त्यानं जागचं हलायचं नाही. वळून बघायचं नाही, मान हलवायची नाही, पुतळा व्हायचं.

पहिल्या आठवड्यात आम्हाला हे छान जमलं. नळी जुनी होती, कडक झाली होती, पण मोल्ड घट्ट होता. "गरम, मागे!" आलं की झिपऱ्या खांबासारखा उभा. शेफ एकदा म्हणाला, "याचे कान चांगले तिखट आहेत रे." झिपऱ्या कामाच्या टोपीखाली हसला. मीही हसलो असतो, पण माझं हसू म्हणजे शिट्टी, म्हणून गप्प राहिलो.

मग टोपी ओढताना नळी चिरली.

मशीनच्या दुकानात काका सोबत आले. दुकान छोटंसं. काउंटरवर काच, काचेखाली नळ्या, हूक, घामापासून वाचवणाऱ्या कापडी टोप्या, ओल सुकवायच्या डब्या. काउंटरवरच्या बाईंनी झिपऱ्याच्या कानावरून मला काढलं आणि काचेवर ठेवलं. तिथंच घात झाला. मी काचेवर, आणि झिपऱ्या बाजूच्या स्टुलावर, ठार बहिरा. त्याच्या कानाचा बाजार त्याच्यासमोर मांडला होता आणि त्यातला एक शब्द त्याला ऐकू येत नव्हता.

"याला जाड भिंतीची नळी लागेल," बाई म्हणाल्या. "मशीन ताकदीचं आहे. आणि वाफेत काम असेल तर आत पाणी न धरणारी घ्या. घामाची टोपी पण द्या. मोल्ड चांगला आहे, तोच राहू दे."

"अहो, ते जाडजूड नको," काका म्हणाले. "आता केस टोपीत जातात याचे. हे मुसळ सगळ्यांना दिसतं. ती बारीक तार दिसतेय ना, ती काय आहे?"

"तीही नळीच आहे, बारीक. तिच्या टोकाला मोल्ड नसतो, रबराची तयार टोपी असते. पण ती थोडं कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. याचा आवाज बाजूनं निसटेल, परत मशीनमध्ये शिरेल, शिट्टी वाजेल."

"सवय होईल हो. तरुण आहे."

"सवयीचा प्रश्न नाही काका, कान..."

"बाई, मी याला अंगाखांद्यावर खेळवलाय. तुम्ही बारीक बसवा."

झिपऱ्या एकदा काकांच्या तोंडाकडे बघत होता, एकदा बाईंच्या. त्यानं विचारलं, "काय म्हणताय?" काकांनी अंगठा वर केला. सगळं झकास, असा.

बाईंनी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा अर्धवट सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलंच नाही. त्यांना दुकान बंद करायचं होतं. माझा हूक काढला, बारीक नळी बसवली, टोकाला रबराची मऊ टोपी. माझा मोल्ड, त्याच्या कानाचा ठसा, त्यांनी पिशवीत टाकून काकांच्या हातात दिला. काकांनी खिशात घातला. मी काचेवर पडून सगळं ऐकत होतो. ऐकायला मला उभा जन्म दिलाय. बोलायला नाही.

घरी आल्यावर झिपऱ्या म्हणाला, "काका, हे वाजतंय. आणि सगळे लांबून बोलल्यासारखं वाटतंय."

"नवं आहे, बसेल."

"मग मी शेफला सांगून ठेवतो, की मला मशीन आहे."

काकांनी ताट बाजूला सारलं. "काही सांगायचं नाही. मी शब्द दिलाय तिथं. माझं तोंड काळं करणार आहेस का?"

झिपऱ्यानं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "भाऊजी म्हणतात तर थोडे दिवस बघ ना रे."

दुसऱ्या दिवशी कामावर टोपी चढली, माझ्या अंगावर घट्ट दाब आला, आणि मी वाजलो. कुईऽऽ.

"कुकर कुणी लावलाय रे?" भाजी चिरणारी ताई ओरडली.

"कुकर नाहीच आज."

"मग शिट्टी कुणाची?" ताई झिपऱ्याकडे वळली. "तुझी? बायका बघून वाजवतोस होय!"

सगळे हसले. झिपऱ्याचे कान तापले, मला चटका बसला. तो भांड्यांच्या मागं गेला आणि टोपीत बोट घालून त्यानं माझा आवाज खाली केला. एकदा. मी अजून वाजत होतो. पुन्हा एकदा. मग मी गप्प झालो.

त्याला वाटलं, सुटलो. मी मात्र आतून घाबराघुबरा झालो. गप्प मशीन आणि बंद मशीन यांत फारसं अंतर नसतं. भांडी त्याला ऐकू येत होती, ती जवळ होती. माणसं धूसर झाली होती. पाठीमागचं तर काहीच पोचत नव्हतं. वाफ वाढली, बारीक नळीत पाण्याचा थेंब धरला, आणि उरलंसुरलंही बुडालं. झिपऱ्या मान वळवून वळवून बघायला लागला. जिथं वळायचं नसतं अशा ठिकाणी तो सारखा वळत होता.

"गरम, मागे!"

मी ऐकलं. माझा माइक चांगला आहे, त्यानं शब्द टिपला. तो पुढं बारीक नळीत गेला आणि थेंबापाशी अडकला. झिपऱ्या पातेलं उचलायला मागं सरकला, तसाच वळला, उजवा हात पुढं करून.

उकळतं पाणी होतं. घेऊन येणारा आचारी ओरडला, ताई ओरडली, झिपऱ्याही ओरडला. त्याचं ओरडणं मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

शेफनं त्याचा हात नळाखाली धरला आणि टोपी काढली. मी उघडा पडलो.

"मशीन आहे तुला?"

झिपऱ्यानं हो म्हणून मान हलवली.

"अरे, मग बोलायचंस ना, गाढवा! मी सगळ्यांना सांगितलं असतं, याच्या मागून जाताना खांद्याला हात लावा. एवढंच तर लागतं!"

एवढंच लागत होतं.

मॅनेजरनं काकांना फोन केला, तुम्ही लपवलंत म्हणून. काका घरी येऊन आम्हाला म्हणाले, "नशीब एकेकाचं." मग स्वतःचा अपमान कसा झाला ते बराच वेळ सांगत बसले. आईनं मलम लावलं आणि रडली. माझा आवाज कुणी वाढवला नव्हता, तरी तिचं रडणं ऐकू आलं.

आता माझ्या अंगाला जाड नळी आहे, आणि काकांच्या खिशातला मोल्डही परत मिळालाय. झिपऱ्या दुकानात एकटा गेला. बाईंनी मला काढायला हात पुढं केला तेव्हा म्हणाला, "थांबा. आधी बोलून घेऊ, मग काढा." सगळं बोलून झाल्यावर त्यानं स्वतः मला काचेवर ठेवलं. केसही कापलेत त्यानं. मी आता भर उजेडात बसतो आणि मुळीच वाजत नाही.

तुमच्या घरात असं मशीन लावणारं कुणी असेल तर एवढं करा: ते काढून ठेवलेलं असताना त्या माणसाबद्दल काही ठरवू नका. वय किती का असेना तुमचं.

झिपऱ्याची नोकरी गेली. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, त्यामुळे त्याला सुरी धरता येत नाही.