पासवर्ड बरोबर होता

सकायपासून माहं डोस्कं फिरलं होतं. बुलडाण्यात आमच्या संस्थेची कास्तकारांची हेल्पलाइन, अन् खामगावात एक दवाखाना. दोन्हीकडचे फोन इंटरनेटवरून जोडाचे, म्हंजे फवारताना विष चढलेल्या मानसाचा फोन इथून सरळ डॉक्टरले देता येईन. बीटी कपाशीले अळी लागत नाई म्हनून बियानं घेतलं, अन् यंदा अळीसाठीच फवारे! काम तसं सोपं. पन खामगावची फोन जोडाची मशीन माह्या मशीनले वळखेच ना. तिकडची मशीन पाहनारा सागर त्याच्या घरून फोनवर होता.

"सागर, पासवर्ड कोनता टाकला बे?"

"तुम्हीच देल्ला तो, अकरमभाई."

तोच होता. एकएक अक्षर ताडून पाह्यलं, पाच डाव बदलला. तरी तिकडून एकच, चूक. अरे, चूक कोनाची? मले काईच समजून नाई राह्यलं.

तेवढ्यात हेल्पलाइनवरची योगिनी वरडली, "अकरमभाऊ, फोनवर सोनाळ्याच्या पुष्पाबाई हायेत! मालक कपाशी फवारून आले, तोंडाले फेस हाये, डोये उघडत नाईत. अ‍ॅम्ब्युलन्स निंगाली, पन तवरक डॉक्टर द्या!"

"मोबाइल लाव ना डॉक्टरले!"

"वार्डात लागत नाई."

"मरू दे तो पासवर्ड!" मी सागरले म्हनलं. "काढून टाक. आमच्या मशीनच्या इंटरनेट पत्त्यावरून आला फोन का आपलाच समज, काई विचारू नोको."

त्यानं काढला. योगिनीनं बटन दाबलं अन् स्पीकरवर डॉक्टर बोलले. आधी काऊन अडलं होतं, खुदा जाने.

"त्यांना कुशीवर वळवा," डॉक्टर म्हनले. "आता नाव घेऊन जोरात हाक मारा. ओ देतात का सांगा."

हाक काई आयकू आली नाई.

"पुष्पाबाई?"

"नाव कसं घेऊ जी? तीस वर्सांत कधी घेतलं नाई."

माह्या अंगाची लाही झाली. "अवो माय, जीव चालला त्याचा! घ्या नाव!"

आधी बारीक आवाज आला, "इंद्रभान..." मंग अशी किंचाळली का योगिनीनं कानावर हात ठेवले. "इंद्रभान! वो इंद्रभान!"

काईच नाई. मंग तिकडून एक जड, घोगरा आवाज आला, "नाव... काऊन घेतं वं माहं?"

बाई हुंदके देऊन रडाले लागली.

"छान," डॉक्टर म्हनले. "गाडी येईपर्यंत असंच भांडत राहा."